मेटल कॉन्सर्टसाठी पॅचचं जॅकेट: कापड, टाके आणि गेटवरची झडती

प्रश्न असा आला आहे: आयर्न मेडन हा ब्रिटिश हेवी मेटल बँड माझा आवडता. महिन्याभरात मुंबईत उघड्या मैदानावर मेटलचा मोठा कार्यक्रम आहे, तिथं मेडनच्या ढंगाचं पॅचवालं, म्हणजे बँडांच्या चिन्हांचे कापडी तुकडे शिवलेलं डेनिम जॅकेट घालून जायचंय. घरात शिलाई मशीन आहे, पण हात बेताचा. काय घ्यावं, कसं शिवावं आणि गेटवर काय अडवतात?

महिना पुरतो. मात्र पहिल्या आठवड्यात सुई हातात घ्यायची नाही. जॅकेटं बिघडतात ती बहुतेकदा घाईनं. पॅच जसजसे मिळतील तसतसे लावले जातात, मग पाठीचा मोठा पॅच येतो आणि त्याला जागाच उरलेली नसते. आधी सगळं जमवा, मांडून बघा, मग शिवा.

त्याहीआधी एक ठरवा. स्टेजवरच्या माणसासारखं दिसायचंय की त्या बँडच्या गर्दीतल्या माणसासारखं? माझं मत विचाराल तर गर्दीतल्या. मेडनचा गायक ब्रूस डिकिन्सनचा लाल लष्करी कोट आणि हातातला ब्रिटिश झेंडा हा एका गाण्यापुरता वेश आहे, गाणं संपलं की कोट उतरतो. तुम्हाला अंगावरचे कपडे पाच-सहा तास वागवायचेत, तेही मुंबईच्या दमट हवेत. झेंड्याची काठी तर गेटच्या आत जाणारच नाही. बेसिस्ट स्टीव्ह हॅरिसच्या ऐंशीच्या दशकातल्या पट्ट्यापट्ट्यांच्या घट्ट विजारी त्याला शोभल्या. आपण घातल्या की सोंग वाटतं. हॅरिसकडून उचलण्यासारखी एकच गोष्ट आहे, मनगटावरच्या घामपट्ट्या. तो लंडनच्या वेस्ट हॅम फुटबॉल क्लबचा कट्टर पाठीराखा, त्यामुळे रंग गडद डाळिंबी आणि आकाशी. खेळाच्या दुकानात साध्या घामपट्ट्या स्वस्तात मिळतात, घामात कामाला येतात, आणि ज्याला कळायचं त्याला लांबूनच कळतं.

गर्दीचा वेश म्हणजे बाह्या कापलेलं डेनिम जॅकेट, खाली काळा टी-शर्ट, काळी किंवा निळी जीन्स. सत्तरच्या दशकाच्या शेवटी ब्रिटनमध्ये हेवी मेटलची नवी लाट आली तेव्हा हा पोशाख चाहत्यांच्या अंगावर पक्का झाला; १९८१ साली त्याच लाटेतल्या सॅक्सन या बँडनं तर अल्बमचंच नाव ‘डेनिम अँड लेदर’ ठेवलं. पाठीवर चिन्हं लावायची रीत मोटरसायकल क्लबांकडूनही आली आहे, आणि तिथंच एक खबरदारी घ्यायला हवी. पाठीवर वर एक कमान, मध्ये चिन्ह, खाली दुसरी कमान आणि बाजूला ‘एमसी’ (मोटरसायकल क्लब) अशी तीन तुकड्यांची मांडणी ही त्या क्लबांच्या सदस्यत्वाची खूण आहे. ती उचलू नका. विशेषतः युरोप-अमेरिकेत राहून तिथल्या कॉन्सर्टला जाणाऱ्या मंडळींनी तर नाहीच नाही. तिकडे यावरून खरोखर हमरीतुमरी होते.

आता जॅकेट. नवं आणि महागडं घेऊ नका. मुंबईत फॅशन स्ट्रीट, पुण्यात जुना बाजार, किंवा घरातल्या कुणाचं पडून असलेलं, यातलं कुठलंही चालेल. उल्हासनगरला जीन्सचा मोठा धंदा आहे, ओळख असेल तर तिथून साधं कोरं जॅकेटही मिळेल. बघायच्या गोष्टी तीन. कापड शंभर टक्के सुती हवं; ताणलं जाणारं इलॅस्टेन-मिश्रित डेनिम हलतं आणि पॅच हलत नाही, म्हणून कडेनं सुरकुत्या पडतात. वजन चौरस यार्डाला १० ते १२ औंसाच्या आसपास असावं. १४ औंसाचं थंड देशात ठीक, इथं ते अंगावर घोंगडीसारखं बसतं आणि सुईही आत जायला कुरकुरते. तिसरं, पाठीचा मधला भाग. नेहमीच्या ट्रकर जॅकेटला खांद्याखाली आडवी जाड शिवण असते, तिथून दोन उभ्या शिवणी खाली निमुळत्या होत जातात. तुमचा पाठीचा पॅच त्या आडव्या शिवणीखालीच बसला पाहिजे. शिवणीवर चढला तर तिथं उंचवटा येतो आणि वर्षभरात घासून दोरा तुटतो. तेव्हा पॅच मागवण्याआधी टेपनं ती जागा मोजा. बाजारातले पाठीचे पॅच साधारण ३० सेंटीमीटर रुंद आणि ३५ सेंटीमीटर उंच असतात, वर रुंद आणि खाली अरुंद. लहान मापाच्या जॅकेटवर ते कमरेच्या पट्टीवर येऊन बसतात.

जॅकेट एक माप मोठं घ्या. बाह्या गेल्या आणि पॅच चढले की ते आखडतं.

शिवण्याआधी दोन-तीन वेळा गार पाण्यात धुवा. एक तर कापड आटेल ते आधीच आटेल. पॅच लावल्यावर आटलं तर पॅच फुगून पुरी होते. दुसरं कारण रंगाचं. नीळ धाग्याच्या आत मुरत नाही, वरवर बसते, म्हणून घामानं आणि घासण्यानं सुटते आणि पांढऱ्या पॅचवर उतरते. मीठ किंवा व्हिनेगर घातल्यानं हा रंग पक्का होतो, हा घरोघरी चालत आलेला समज आहे, पण निळीवर त्याचा उपयोग होत नाही. पाणी जवळजवळ स्वच्छ येईपर्यंत धुणं, एवढाच उपाय.

बाह्या मुंढ्याच्या शिवणीवर कापू नका. शिवणीपासून बाहीच्या बाजूला एक सेंटीमीटर सोडून कापा. पुढच्या धुण्यात त्या सेंटीमीटरचे धागे सुटून पांढरी झालर तयार होते आणि दुहेरी शिवणीपाशी येऊन आपोआप थांबते. शिवणच कापली तर थांबायला काही उरत नाही. खांदा उसवत जातो. कात्री घरची भाजी कापायची नको, धारदार कापडकात्री हवी, नाहीतर कड दातेरी येते.

पॅच तीन तऱ्हेचे मिळतात. भरतकामाचे जाड, उठावदार, टिकाऊ; पण एडीच्या चेहऱ्यासारखं बारीक चित्र त्यात लापशीसारखं होतं. मेडनचा तो सांगाड्यासारखा शुभंकर डेरेक रिग्जनं काढला, १९८० च्या पहिल्या अल्बमपासून तो कव्हरवर आहे आणि त्याची सगळी मजा बारकाव्यात आहे. म्हणून एडीसाठी विणलेला पॅच घ्या, म्हणजे ज्यात धाग्यांनीच चित्र विणलेलं असतं. तो पातळ असतो आणि रेषा स्वच्छ येतात. नुसत्या नावाच्या, त्या टोकदार अक्षरांच्या पट्टीसाठी भरतकाम उत्तम. पाठीचा मोठा पॅच बहुधा छापील असतो. तो घेताना कोपरा बोटांनी दुमडून बघा, छपाईला तडा गेला तर सोडून द्या.

इस्त्रीनं चिकटणारे पॅच मिळाले तर घ्या, पण चिकटण्यावर विसंबू नका. त्यामागचा डिंक घामात आणि उन्हात सैल पडतो, पाठीवर तर तासाभरात कोपरे वर येतात. शिवताना तोच डिंक सुईला लागतो, मशीन टाके गाळायला लागतं. अशा पॅचला हातानं शिवायचं असेल तर सुई अधूनमधून स्पिरिटच्या बोळ्यानं पुसत जा.

कोणते बँड लावायचे, हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण एक अलिखित नियम सगळीकडे आहे. जो ऐकला नाही तो लावायचा नाही. रांगेत कुणीतरी नक्की विचारतं, ‘यांचा कुठला अल्बम आवडतो?’ मेडनच्या ढंगाचं जॅकेट म्हणजे पाठीवर मेडन आणि पुढे त्यांच्या काळातली सोबत: जूडास प्रीस्ट, मोटरहेड, सॅक्सन, गर्लस्कूल, डायमंड हेड. त्यात आपल्याकडचे एक-दोन हवेतच. मुंबईचे डेमॉनिक रेझरेक्शन आणि भयानक मौत, बंगळुरूचे क्रिप्टॉस. क्रिप्टॉसचं संगीत याच जुन्या ब्रिटिश वळणाचं असल्यानं ते मेडनशेजारी शोभतंही. मेडनच्या ‘समव्हेअर बॅक इन टाइम’ या जगदौऱ्याचा पॅच हाती लागला तर सोडू नका. तो दौरा १ फेब्रुवारी २००८ ला वांद्रे-कुर्ला संकुलातून सुरू झाला होता. मुंबईकराच्या जॅकेटवर त्याला वेगळा मान आहे. चिन्हं मात्र पारखून घ्या. ब्लॅक मेटल या मेटलच्याच एका उग्र प्रकारातल्या काही बँडांच्या पॅचवर नाझी खुणा बेमालूम लपवलेल्या असतात. अर्थ माहीत नसलेलं चिन्ह अंगावर नको.

मांडणी जमिनीवर पसरून करायची आणि पक्की अंगावर करायची. जमिनीवर सपाट दिसणारी पाठ अंगावर गोल होते. पाठीचा पॅच सेफ्टी पिनांनी लावा, जॅकेट घाला, दोन्ही हात वर करा, खुर्चीवर बसून वाका आणि कुणाला तरी मागून फोटो काढायला सांगा. फोटोत पॅच एका बाजूला झुकलेला दिसेल, कारण बहुतेकांचा एक खांदा थोडा खाली असतो. कापडाच्या शिवणीशी समांतर न लावता फोटोत सरळ दिसेल असा लावा. मग मध्यापासून कडेकडे तिरपे लांब कच्चे टाके घालून तो धरून ठेवा. नुसत्या टाचण्यांवर भरवसा ठेवला की चौथ्या कोपऱ्यापर्यंत पोचताना पॅच पाऊण सेंटीमीटर सरकलेला असतो आणि शेवटी फुगा उरतो.

आता टाके. ज्याचा हात बेताचा आहे त्यानं हातशिलाईच करावी. सावकाश होते, पण चुकलं तर चार टाके उसवून पुन्हा घालता येतात. दोरा जीन्सच्या वरच्या टिपेला वापरतात तो जाड पॉलिएस्टर, रंग पॅचच्या कडेचा. सुती दोरा घामानं कुजतो. सुई जाडसर, टोक तीक्ष्ण, आणि बोटात अंगुस्तान. डेनिमच्या दोन थरांतून सुई ढकलताना त्याशिवाय बोटाला भोक पडतं. दोरा हातभर, ६० सेंटीमीटरच्या आत घ्या, लांब घेतला की गुंता. सुई जॅकेटच्या आतून काढा म्हणजे गाठ आत राहील, पॅचच्या दोऱ्यानं जाड भरलेल्या कडेच्या अगदी आतल्या अंगानं वर या, कडेवरून बाहेर जाऊन डेनिममध्ये खाली जा आणि तीन मिलिमीटर पुढे सरका. टाका कडेच्या धाग्यांना समांतर पडला तर दिसतसुद्धा नाही. दर दहा-बारा टाक्यांनी एक उलटा टाका घालून दोरा बांधत चला. हे कंटाळवाणं आहे, पण मोशपिटमध्ये, म्हणजे स्टेजसमोरच्या धक्काबुक्कीच्या नाचात, कुणाचं बोट अडकून दोरा तुटला तरी दहा टाकेच जातात, सगळा पॅच लोंबत नाही.

वेळेचा अंदाज: १० सेंटीमीटरच्या चौकोनी पॅचला कड ४० सेंटीमीटर, म्हणजे सव्वाशे-दीडशे टाके, पाऊण तास. पाठीच्या पॅचला चारशेच्या वर टाके लागतात. तो एका बैठकीत संपवायचा अट्टहास करू नका. हात थकला की टाके लांब पडायला लागतात. सुरुवात वरच्या कडेच्या मध्यापासून, मग दोन्ही बाजूंना, शेवटी खालची कड. मोठ्या पॅचच्या पोटातही चित्रातल्या काळ्या रेषांवरून चार-सहा ठिकाणी बारीक टाके घाला, नाहीतर मधला भाग वाऱ्यानं फुगतो.

छातीवरच्या खिशावरचा पॅच हमखास चुकतो. सरळ शिवला की खिसा कायमचा बंद. खिशात एक जुनं पोस्टकार्ड किंवा पुठ्ठा सरकवा, म्हणजे सुई फक्त वरच्या थरातून जाईल आणि पुठ्ठ्यावर अडेल. इथं मशीन चालत नाहीच.

मशीनच वापरायची असेल तर १०० क्रमांकाची, म्हणजे १६ नंबरची जीन्सची सुई, शिवण ओलांडायची असेल तिथं १८ नंबर. टाका तीन मिलिमीटरचा. कडेच्या आतून दोन मिलिमीटरवर टीप मारा, जाड कडेवर नाही; तिथं सुई वाकते, शटलच्या पत्र्यावर आपटते आणि तुकडा उडतो, म्हणून डोळ्यांवर चष्मा असू द्या. वरचा दोरा पॅचच्या रंगाचा, बॉबिनमध्ये डेनिमच्या रंगाचा. कोपऱ्यावर चाक हातानं फिरवून सुई आत ठेवा, दाबपट्टी उचला आणि कापड वळवा. शेजारचे शिंपी हे काम करतात, पण त्यांना आधी पिन लावून आणि खडूनं आखूनच जॅकेट द्या. नुसतं सांगितलं तर पॅच सरळ रेषेत शाळेच्या बिल्ल्यासारखे येतील.

पॅच झाले की आतून एक गुप्त खिसा लावा. गर्दीत फोन चोरीला जाणं हा मोठ्या कॉन्सर्टचा नेहमीचा ताप आहे. पॉपलिनचा २२ बाय १२ सेंटीमीटरचा तुकडा, वरची कड दुमडून तिथं वेल्क्रो, आणि डाव्या पुढच्या बाजूला आतून तीन कडांना शिवण. ती शिवण बाहेरच्या पॅचच्या कडेवरून नेली की दिसत नाही. बाहेरच्या खिशात तिकिटाच्या झेरॉक्सशिवाय काही ठेवायचं नाही.

धातूच्या सजावटीबद्दल मी कडक आहे. टोकदार स्पाइक, साखळ्या, काडतुसांचा पट्टा हे सगळं घरी. सुरक्षारक्षक अशा वस्तू अडवतात, काढून ठेवलं तर परत मिळेलच असं नाही, आणि मुळात गर्दीत शेजाऱ्याच्या डोळ्याच्या उंचीवर खिळे घेऊन नाचणं वाईटच. बंगळुरू किंवा परदेशातल्या कॉन्सर्टला विमानानं जाणाऱ्यांनी तर काडतुसांचा पट्टा बॅगेतही घालू नये. विमानतळावर रिकामी किंवा नकली काडतुसंही अडकवून ठेवायला पुरेशी होतात. चपट्या पिरॅमिड टिकल्या मात्र शक्यतो चालतात. त्यांचे दात आतून दुमडतात आणि टी-शर्ट फाडतात, म्हणून त्यांच्यामागे जुन्या चादरीची पट्टी शिवा. घेताना चुंबक लावून बघा. चिकटला तर आत लोखंड आहे, पहिल्याच घामानं गंजाचे पिवळे डाग पडतील. पितळी घ्या. तिकिटावरची किंवा आयोजकांच्या पानावरची मनाई असलेल्या वस्तूंची यादी वाचूनच निघा. ती प्रत्येक कार्यक्रमाची वेगळी असते.

आत सुती टी-शर्ट, १६० ते १८० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला तेवढ्या ग्रॅम वजनाच्या कापडाचा. बाजारात आता २४० जीएसएमचे जाड ‘ओव्हरसाइझ’ निघालेत, ते डेनिमखाली घातलेत तर दुसऱ्या बँडच्या आधीच जॅकेट कमरेला बांधाल आणि सगळी मेहनत झाकली जाईल. ज्या बँडचा कार्यक्रम त्याचाच टी-शर्ट घालावा की नाही, यावर मेटलवाल्यांत कायमची भांडणं आहेत. मला ते भांडण फुकटचं वाटतं. पण पाठीवर मेडन, छातीवर मेडन आणि टोपीवरही मेडन झालं तर माणूस नव्हे, फलक दिसतो. आत दुसराच बँड ठेवा. काळी जीन्स जुनी, मळलेली. ऐंशीच्या दशकाचा अस्सल शेवट हवा तर पांढरे उंच घोट्याचे कॅनव्हास बूट, पण मैदान ओलं असेल तर त्यांची माया धरू नका. चामड्याचे जड बूट आधी पंधरा दिवस घरात घालून मऊ केले असतील तरच.

कानात प्लग घाला. पोशाखात त्यांची गणना होत नाही, तरी तो त्याचाच भाग समजा. अमेरिकेतल्या निऑश या कामगारांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या सरकारी संस्थेच्या शिफारशीनुसार १०० डेसिबलचा आवाज दिवसात १५ मिनिटांहून जास्त झेपत नाही, आणि स्पीकरसमोर आवाज सहज त्याच्या वर जातो. फोमचे प्लग खालच्या पट्टीतला ढोल तेवढा ठेवून गिटार बोथट करतात; संगीतासाठीचे सिलिकॉनचे गाळणीवाले घ्या आणि डबी गुप्त खिशात ठेवा.

निघण्याच्या दोन दिवस आधी सगळं एकदा घालून उकाड्यात अर्धा तास फिरून या. कुठला टाका टोचतो, कुठली टिकली घासते, हे तेव्हाच कळतं आणि दुरुस्तीला वेळही असतो.

परत आल्यावर जॅकेट लगेच कपाटात कोंबू नका. उलटं करून सावलीत, वाऱ्यावर रात्रभर टांगा. वास गेला नाही तर गार पाण्यात सौम्य साबणात वीस मिनिटं बुडवून हातानं दाबून धुवा. पिळायचं नाही, वॉशिंग मशीनमध्ये घालायचं नाही, कारण ड्रममध्ये टिकल्या पॅचवर घासतात. छापील पॅचवर इस्त्री कधीच नको. पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलं तर बुरशी आधी पॅचमागच्या डिंकावर चढते. सुती पिशवीत, टांगून, महिन्यातून एकदा बाहेर काढून ठेवा आणि त्याच वेळी कडेवरून बोट फिरवून सुटलेले टाके शोधा.